इतिवृत्तातला चहा

शाळा समितीच्या सभेचं इतिवृत्त लिहायचं काम विद्यार्थी प्रतिनिधीकडे असे. दहावीतली मुक्ता धायगुडे ते लिही आणि शेवटी मोठ्याने वाचून दाखवी. मगच अध्यक्ष सही करत.

त्या दिवशी अध्यक्ष रावसाहेब नलगे कडाडले, "निकाल घसरलाय! दहावीची मधली सुट्टी बंद. सलग सहा तास अभ्यास. या वयात कसला आलाय थकवा?"

मुख्याध्यापिका बाई काही बोलणार, तोवर रावसाहेबांनीच जांभई दिली. "पाऊण तास झाला, डोकं चालेना. चहा मागवा."

चहा झाला. मुक्ता वाचू लागली, "ठराव : मुलांनी सलग सहा तास शिकावं. सभेच्या पाऊण तासातच माननीय अध्यक्षांचं डोकं चालेना, म्हणून सभा वीस मिनिटं चहासाठी थांबली."

सगळ्यांनी हसू दाबत माना खाली घातल्या.

"ते चहाचं खोड!" रावसाहेब गुरकावले.

"चहा कसा खोडू, साहेब? तो तर पिऊन झाला," मुक्ता शांतपणे म्हणाली. "ठरावावर मात्र अजून सही व्हायचीय."

रावसाहेबांनी पेन घेतलं आणि ठरावावर आडवी रेघ ओढली. त्या पानावर आजही त्यांची सही आहे, फक्त चहाखाली.