गॅसवरचं दूध

निर्माते आबासाहेब जाचक पटकथा ऐकताना मोबाइल बघत बसायचे. त्यांची मान वर झाली नाही, तर सिनेमा बारगळला समजायचं. बाकी सगळीकडून नकार घेऊन आलेली लेखिका वृंदा केळुसकर आज पटकथा घेऊन त्यांच्यासमोर बसली होती.

"सुरुवातीलाच बॉम्ब फुटला पाहिजे," आबासाहेब मान खाली घालूनच म्हणाले. "नाहीतर प्रेक्षक उठून जातो."

वृंदा वाचू लागली. "नायिका गॅसवर दूध ठेवते, फोन आला म्हणून घाईने दाराला कुलूप लावते आणि बस पकडते. बसमध्ये मैत्रीण भेटते. ती लग्नाच्या साड्या दाखवते. एक मोरपंखी, एक डाळिंबी..."

वृंदा रंग सांगतच राहिली. आबासाहेबांनी मोबाइल बाजूला ठेवला.

"अहो बाई, साड्या राहू द्या. त्या दुधाचं काय झालं?"

"सांगते," वृंदा म्हणाली. "का आधी तुमचा बॉम्ब फोडून घेऊ?"