पेलेसाहेबांचं पाणी

गोष्ट इतकी जुनी आहे, की सांगणारी प्रत्येक जणी साल वेगळं सांगते. पाण्याची घागर भरलेली असेल तर जरा टेका आणि ऐका.

फार वर्षांपूर्वी डोंगराच्या कडेला आडदरा नावाचं गाव होतं. होळीच्या आधीच तिथल्या विहिरी कोरड्या पडत आणि बायका दोन कोसांवरून पाणी आणत. मग गावाच्या वरच्या अंगाला मातीचं धरण बांधायचं ठरलं, आणि ते बांधायला भार्गवराव नावाचे इंजिनिअर आले. बरोबर बायको द्वारकाबाई आणि तीन लहान मुली.

धरण झालं, तळं भरलं. साहेबांना तालुक्याला बंगला मिळत होता, तो त्यांनी घेतला नाही. भिंतीच्या अगदी पायथ्याशी चार खोल्यांचं घर बांधलं. गावातली सखूआजी फटकळ. ती म्हणाली, “साहेब, लेकरं पान्याच्या तोंडाशी ठेवलीसा. गावात जागा घावंना व्हय?”

“आजी, भिंत मी बांधली. तुमची लेकरं भिंतीखाली आणि माझी लांब, असं कसं चालेल?”

 दुसऱ्या दिवशी आजीनं मुलींना शेंगा पाठवल्या.

मातीचं धरण थोडं पाझरतंच. साहेब सांगत, माणसाला घाम येतो तसं ते आहे. पाझर स्वच्छ असेल तर काळजी नाही. गढूळ आला, तर पाणी भिंतीची माती आतून वाहून नेतंय असं समजायचं. म्हणून ते रोज सूर्य उगवताना पाझराचं पाणी काचेच्या पेल्यात भरत आणि उजेडासमोर धरून बघत. पेला द्वारकाबाईंच्या माहेरचा, कडेला टवका उडालेला. घरी आणला की त्याही बघत. पाणी नितळ दिसल्याशिवाय त्या घरात चूल पेटत नसे. द्वारकाबाईंची सोमवारची, चतुर्थीची व्रतं होतीच. त्यात हे रोजचं एक वाढलं. गाव त्यांना पेलेसाहेब म्हणू लागलं.

असं म्हणतात, की थोरल्या मुलीच्या लग्नात उजाडता उजाडता अंतरपाट धरला, अक्षता वाटून झाल्या आणि मुलीचे वडीलच कुठं दिसेनात. ते पाझरावर होते. पेला घेऊन परतले तेव्हा भटजींनी घड्याळ पाहिलं, तर मुहूर्त टळलाच नव्हता. काटा तिथंच उभा. भटजी म्हणाले, किल्ली द्यायची राहिली असेल. गाव तसं म्हणत नाही.

वर्षं गेली. मुली सासरी गेल्या, साहेबांची नोकरी संपली, पण घर तेच राहिलं आणि पेलाही. पुढं त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला.

एका भाद्रपदात तळं काठोकाठ भरलं होतं. गौरी यायच्या होत्या, म्हणून तिन्ही लेकी पोराबाळांसह माहेरी आल्या होत्या. त्या सकाळी साहेब पेला घेऊन आले आणि म्हणाले, पाणी गढूळ आहे. द्वारकाबाईंनी पाहिलं, त्यांना नितळ दिसलं. धरणावरच्या नव्या तरुण साहेबांना बोलावलं. त्यांनाही नितळच दिसलं. ते अदबीनं म्हणाले, की भार्गवरावांनी आता डोळ्यांचं बघावं.

साहेबांनी वाद घातला नाही. पेला देवघरासमोर ठेवायला सांगितला. घरात चूल पेटली नाही. नातवंडं भुकेनं कुरकुरली, त्यांना शेजारून भाकरी आली. दुपारी साहेबांनी पाणी हलक्या हातानं ओतून दिलं आणि तळाला बोट फिरवलं. बोटाला पिठासारखी माती लागली. सकाळी ती पाण्यात इतकी विरळ होती, की चांगल्या डोळ्यांना दिसली नव्हती.

 साहेबांनी लेकी-नातवंडांना लगेच टेकडीवरच्या देवळात न्यायला सांगितलं.

द्वारकाबाई म्हणाल्या, “पोरं जातील. पण गावच्या पोरांबरोबर जातील, त्यांच्या आधी नाही.”

साहेबांनी पेला त्यांच्या हाती दिला. मग म्हणाले, “तू जा. माझ्या डोळ्यांवर कुणी विश्वास ठेवणार नाही.”

पदराखाली पेला धरून त्या हळदीकुंकवाच्या आमंत्रणाला जावं तशा दारोदार गेल्या. प्रत्येक उंबऱ्याशी थांबून म्हणाल्या, बोट फिरवून बघ गं. पेल्यात माती ती किती, चिमूटभरसुद्धा नाही. पण असं म्हणतात, की शेवटच्या घरापर्यंत प्रत्येक बोटाला ती लागली.

म्हाताऱ्यांबरोबर सगळ्या गावची पोरं टेकडीवर गेली. बाकीचे पाझरावर आले. कुणी चिखल घालून भोक बुजवायला निघालं, तसे साहेब काठी आडवी धरून उभे राहिले. “पाणी अडवू नका, ते दुसरीकडून फुटेल. पाणी येऊ द्या, माती अडवा.” मग आधी वाळू, तिच्यावर खडी, खडीवर दगड, असे थर घातले. तरुण साहेबांनी बूट काढून पाट्या वाहिल्या. बायकांनी गौरीसाठी आणलेल्या नव्या सुपांतून वाळू नेली. असं म्हणतात, की शेवटचं सूप रिकामं होईपर्यंत सूर्य डोंगरावर टेकून राहिला, आणि नदीतली वाळू मूठभरही कमी झाली नाही.

दुसऱ्या दिवशी पेल्याच्या तळाशी बोट फिरवलं, ते कोरं निघालं. मग आडदऱ्यात गौरी बसल्या.

साहेब शंभराला तीन कमी असताना गेले. द्वारकाबाई त्यांच्या मागं वर्षभर होत्या आणि रोज पेला भरत होत्या. असं म्हणतात, की त्या गेल्या त्या सकाळी पेला कुणी न भरताच भरलेला होता.

आता धरणावर मोजायची यंत्रं आली आहेत. तरी आडदऱ्यात माहेरवाशीण गौरीला आली, की आधी पायथ्याशी सूपभर वाळू घालते, मग उंबरा ओलांडते. आणि टवक्याचा तो पेला पाळीपाळीनं घरोघर फिरतो. ज्या घरी पाळी, त्या घरची थोरली बाई पहाटे पाणी भरून ठेवते आणि दुपारी तळाला बोट फिरवते. बोट कोरं निघालं, की मगच तिथं चूल पेटते. त्या घरी उपाशी कुणी राहत नाही. सकाळी शेजारून भाकरी येतेच.