पद्माक्काच्या माफीची कहाणी

ऐक जानाई माते, तुझ्या लेकींची कहाणी. आटपाट गाव होतं, गावाच्या वेशीत जानाईचं देऊळ होतं. देवी बाईमाणूस, पण पालखीला खांदा पुरुषांचा. बायांनी दुरून ओवाळावं, बाजूला व्हावं, अशी रीत होती.

त्या गावात पद्मा नावाची बाई होती. सगळ्या तिला पद्माक्का म्हणत. मानी होती, तोंडानं फटकळ होती. तिनं एकदा ग्रामसभेत उभं राहून विचारलं, आमच्या आईला आम्ही का उचलू नये? मग पाटील म्हणाले, बरं, येत्या चैत्री पुनवेला बायांनी पालखी न्यावी. पण भांडलात, पालखी अडली, तर पुन्हा मागू नका. पद्माक्कानं कबूल केलं. मग तिनं मोबाईलवर बायांचा ग्रुप केला, त्याला 'जानाईच्या लेकी' असं नाव ठेवलं. रोज सांजेला सगळ्या शिडीवर धान्याची पोती बांधीत, खांद्यावर घेत, देवळाला फेरी घालीत. पुढं पद्माक्का आणि अनसूया. अनसूया अबोल, अंगानं उंच. तिच्या पावलाला सगळ्या पाऊल देत.

पुनव तोंडावर आली. एके दिवशी ग्रुपवर अनसूयेचा निरोप आला: 'मी येत नाही पालखी नको थांबवू'. मध्ये टिंब नाही, रेघ नाही. पद्माक्कानं तो वाचला असा: मी येत नाही. पालखी नको. थांबवू. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. विचारलं नाही, पुसलं नाही. सगळ्यांच्या देखत लिहिलं, "अनसूया, तू भित्री ती भित्रीच. सासरच्यांनी डोळे वटारले की शेपूट घालतेस. असल्या बाईचा खांदा देवीला नको." आणि तिला ग्रुपमधून काढून टाकलं.

मग काय झालं? एकीनं लिहिलं, बरं केलंत. दुसरीनं लिहिलं, हे काय बोलणं झालं? तिसरीनं नाव न घेता एक टोमण्याचा सुविचार टाकला, तो जिनं तिनं आपल्यावर ओढून घेतला. शब्दानं शब्द वाढला. एक बाई ग्रुप सोडून गेली, तिच्यामागे तिची जाऊ गेली, जावेमागे शेजारीण गेली. शिडी उचलायला बाया पुरेनात. पारावर पुरुष हसू लागले.

तेव्हा अनसूयेची नणंद सुगंधा पद्माक्काच्या दारी आली. तिनं सांगितलं, भाऊ माळ्यावरून पडला, पाय मोडला. वहिनी दवाखान्यात त्याच्या उशाशी होती. तिथून घाईत तिनं कळवलं, की माझ्यासाठी पालखी थांबवू नकोस. पद्माक्कानं मोबाईल काढला, निरोप पुन्हा वाचला. अक्षरं तीच होती. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण मान वाकेना. पहिल्यांदा तिनं अनसूयेला एकटीला हात जोडल्याचं चित्र धाडलं. अनसूयेनं पाहिलं, उत्तर दिलं नाही. दुसऱ्यांदा ग्रुपवर लिहिलं, कुणाचं मन दुखावलं असल्यास क्षमस्व. जिचं दुखावलं ती ग्रुपात नव्हतीच. तिसऱ्यांदा लिहायला बसली, माझं चुकलं, पण तूही नीट लिहायला हवं होतंस. ते तिचं तिलाच धाडवेना. मग उठली, देवळात गेली, गुरवीण लंकाबाईपुढे सगळं सांगून रडली.

लंकाबाई म्हणाली, "पोरी, बोलण्याचा वसा घे. राग आला की मोबाईल देव्हाऱ्यापाशी ठेवावा. तांब्याभर पाणी प्यावं. आलेला निरोप मोठ्यानं वाचावा, उमगला नाही तर विचारावं. चारचौघींत दुखवलं तर चारचौघींत माफी मागावी. नाव घेऊन मागावी, आणि 'पण' म्हणू नये. उतू नको, मातू नको, मध्येच टाकू नको."

पद्माक्कानं वसा घेतला. घरी आली. अनसूयेला ग्रुपात परत घेतलं, रुसून गेलेल्यांना विनवून आणलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं आपल्या आवाजात बोलून धाडलं: "अनसूया, मी तुला भित्री म्हणाले, ते खोटं होतं. न विचारता तुझा अपमान केला. चूक माझी आहे. मला क्षमा कर." बोलताना मान खाली गेली नाही. उभ्या जन्मात नव्हती एवढी ताठ झाली.

मग अनसूयेचं उत्तर आलं. "अक्का, फार लागलं होतं मला. आता राग नाही. ह्यांना घरी आणलंय. मी येते."

चैत्री पुनव आली. पालखी उठली. पुढं पद्माक्का आणि अनसूया, मागं साऱ्या लेकी. चढावर मागून कुणी ओरडली, ओढू नका ग. तिच्या पुढचीनं वळून विचारलं, मला म्हणालीस का? ती म्हणाली, नाही ग, सगळ्यांनाच म्हटलं. दोघी हसल्या, पाऊल चुकलं नाही. चढाच्या माथ्यावर पाटील उभे होते. ते म्हणाले, "दमलात का? खांदा देऊ?"

पद्माक्काच्या कपाळाची शीर उडाली. तिनं श्वास घेतला, मग शांतपणे विचारलं, "पाटील, हा टोमणा की मदत?"

पाटील ओशाळले. म्हणाले, "मदतच."

"मग पुढं व्हा, वाट मोकळी करा."

पाटील पुढं झाले. सरका, सरका, जानाईच्या लेकी येताहेत, असं सांगत पार देवळापर्यंत चालत गेले. सारा गाव दुतर्फा हात जोडून उभा राहिला. पालखी कुठं अडली नाही. त्या दिवसापासून त्या गावात पालखीचा मान लेकींचा झाला.

जशी पद्माक्काला जानाई पावली, तशी वाचणारीला पावो, ऐकणारीला पावो, रुसलेलीला आणि रुसवणारीला पावो. साठां बोलांचं भांडण पाचां बोलांत निवलं, कहाणी फळाला आली, पुरी झाली.