शिरवडचा उघडा पार

पाहुणे, त्या बाजूला बसू नका. पार ढासळलाय म्हणून नव्हे. तो मुद्दाम तसा ठेवलाय. तीन बाजूंना घडीव दगड आणि चौथी बाजू उघडी माती. मी भालचंद्र कासार. या नांदरुकाच्या सावलीत चाळीस वर्षं बांगड्या भरतोय, आणि बाहेरून येणारा प्रत्येक जण मला विचारतो की हे दुरुस्त का करत नाहीत. करायला निघालेत, तीच तर धास्ती आहे. पण आधी हकिकत ऐका.

आमचं शिरवड वसलं तेव्हा इथे पाणी नव्हतं, असं सांगतात. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी खापराच्या नळातून दीड कोस आणून या चौकातल्या हौदात सोडलं. नळ घातला म्हाळू पाथरवटानं. नांदरूक मात्र गावाच्याही आधीचं. बारमाही हिरवं झाड, बाजार त्याच्याच खाली भरायचा. पेठेचा रस्तासुद्धा त्याला वळसा घालून काढला. पाणी आलं त्या आनंदात गावानं झाडाला पार बांधायचं ठरवलं. तोही म्हाळूनंच बांधला. बुंध्याला भिडवून चारी बाजूंनी दगड, सांध्यांत चुना, मुंगी शिरायला जागा नाही. लोकांनी तोंडात बोटं घातली.

तिसऱ्या वर्षी हौदाची धार करंगळीएवढी झाली. नळ उकरला तर आत मुळ्यांचा हा एवढा बोळा! म्हाळूनं तो कापून काढला. चार महिन्यांत धार पुन्हा आटली. पुन्हा उकरलं, पुन्हा कापलं, पुन्हा तेच. बायका घागरी घेऊन कोसभर लांब नदीच्या डोहावर जाऊ लागल्या. शेवटी कारभाऱ्यानं हुकूम काढला की आठ दिवसांत झाड तोडा.

म्हाळूची बायको येसू एकदा डोहावरून येताना पारावर टेकली. घागर हिंदकळली आणि पाणी दगडावर सांडलं. ते मुरलं नाही, चुन्यावरून घसरून गटारात गेलं. येसू बराच वेळ तिथंच बघत बसली म्हणे. घरी आल्यावर तिनं नवऱ्याला विचारलं, "धनी, ह्या झाडाला पानी कुठनं मिळतंय?"

"नळातनं. त्येच तर रडगाणं हाय."

"मग त्यानं दुसरीकडं कुठं जावं? वरनं तुमी समदं बुजवलंय."

म्हाळूच्या फार जिव्हारी लागलं. त्याच्या हातून झालेलं सगळ्यांत देखणं काम होतं ते. दोन दिवस तो बायकोशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी छिन्नी-हातोडा घेऊन आपणहून पाराशी आला आणि चौथी बाजू स्वतःच्या हातानं फोडली. फोडताना रडत होता, असं सांगतात. मला ते पटतं.

येसू कारभाऱ्यापुढे उभी राहिली. "सरकार, घरटी एक घागर रोज सकाळी झाडाला घालू. चूल पेटायच्या आदी. वरसानं नळ उघडा. आत मूळ दिसलं तर पैली कुऱ्हाड मी घालीन, आन् आमी गाव सोडू."

कारभाऱ्यानं मान्य केलं. उरलेल्या मुळ्या काढून नळ साफ केला आणि पुन्हा मातीखाली गाडला. ते वर्ष येसूनं कसं काढलं ते तिचं तिलाच ठाऊक. उजाडलं की घागर घालायची आणि धावत जाऊन हौदाच्या धारेखाली हात धरायचा. जो भेटेल त्याला विचारायची, "कालच्यापरीस बारीक हाय का वो?" कुणाला सांगता यायचं नाही. म्हाळूची अवजारं तिनं पोत्यात बांधून दाराशी ठेवली होती. लागतील तेव्हा तो तिथूनच सोडून घ्यायचा आणि ती पुन्हा बांधायची. गावातही कुरबुर सुरू झाली की माणसांना पुरेना आणि ही झाडाला पाजतेय.

वर्षानं सगळ्यांसमोर नळ उघडला. म्हाळूनं खांद्यापर्यंत हात आत घातला. हात रिकामा बाहेर आला. मूळ बाहेरून नळाच्या सांध्यापर्यंत आलं होतं आणि तिथून पाराकडे वळलं होतं, म्हणे. खरंखोटं देवाला ठाऊक.

गाव नाचलं. येसू तेवढी नळाशी वाकून बघत राहिली. कुणीतरी टोकलं तेव्हा म्हणाली, "आज वळलंय. उद्याचं कुनी सांगावं?" आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा घागर घेऊन आली. तिचं बघून बाकीच्या आल्या. म्हणून इथे तुम्हाला हळदकुंकू दिसणार नाही, नवसाचा नारळ दिसणार नाही. आम्ही या झाडाला पूजत नाही हो, आम्ही त्याला घाबरतो.

आजही घरटी एक घागर पडते, निदान पडायला हवी. खापराचा नळ कधीच बुजला, पाणी आता लोखंडी पाइपातून येतं, त्यामुळे नव्या लोकांना हा येडेपणा वाटतो. पेठेतली एकवीस घरं बंद आहेत. त्यांच्या वाटच्या घागरी मी घालायचो. गुडघे गेल्यापासून सातच होतात. आणि हे सिमेंटचे ठोकळे बघा, चौक गुळगुळीत करत करत मातीपासून चार हातांवर आलेत. मी रोज सकाळी मोजतो.

येसूला नळ उकरून बघता तरी येत होतं. आता या झाडाच्या मुळ्या सगळ्या पेठेच्या घरांखाली आहेत. कमी पडलेल्या चौदा घागरींचं पाणी ते कुठून घेतं, हे उकरून बघायची आमच्यात कुणाचीच छाती नाही.