गेंदीचं जेवण

माळाला अजून कुंपण पडलं नव्हतं आणि साऱ्या गावची गुरं एकाच गुराख्याबरोबर चरायला जात, तेव्हाची ही गोष्ट.

एकदा गेंदी म्हैस ओढ्याच्या अरुंद वाटेत अडकली आणि सगळा कळप हसला. ते तिच्या मनाला लागलं. तिने माळावर चरणंच सोडलं. घरी कडब्याची चार धाटं चघळायची, बस्स. अंग उतरलं खरं, पण केस झडू लागले, दूध पाण्यासारखं झालं आणि तिची पारडी उभी राहताना लटपटू लागली.

गेंदी तांबू शेळीवर चिडली. "तू तर माझ्याहून कमी खातेस. मग तुझी करडं एवढ्या उड्या कशी मारतात?"

"कमीच खाते गं मावशी," तांबू म्हणाली, "पण एकाच घरी जेवत नाही. चल माझ्यामागे."

बोरीचा थोडा पाला, पुढे बाभळीच्या शेंगा, बांधावरची हराळी, कुठे एखाद्या वेलाचा शेंडा. गेंदी पुन्हा जाड झाली नाही. पारडी मात्र शेपूट उंच करून धावू लागली.

आता माळाला कुंपण आहे. म्हाताऱ्या गेंदीची गव्हाण एकाच जातीच्या गवताने काठोकाठ भरलेली असते. माळावरून वारा आला की तिचं रवंथ थांबतं.

"आजी, पोट नाही का भरलं?" शेजारी बांधलेली नात विचारते.

"पोट केव्हाच भरलं गं," गेंदी म्हणते. "जेवायचं राहिलंय."