इनासची गिटार

समुद्राकाठच्या एका गावात इनास नावाचा एक गिटारवाला राहत होता. त्याची थोरली बहीण फिलोमिना गायची आणि तो तिला साथ करायचा. तो तिला 'बाय' म्हणायचा. आसपास कुठेही लग्न ठरलं, की या बहीणभावाला बोलावणं यायचंच.

इनासचं गिटारवर जिवापाड प्रेम. होडीतून जाताना पाणी उडालं तर तो स्वतः भिजायचा, पण अंगातला कोट काढून गिटारवर पांघरायचा. दुसऱ्या कोणी तिला हात लावलेला त्याला खपत नसे.

एकदा भाताच्या गिरणीच्या पट्ट्यात सापडून त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. वाजवणं संपलं. फिलोमिनाचंही गाणं थांबलं. इनास मात्र रोज गिटार पुसायचा, तारा जुळवायचा आणि पेटीत बंद करून ठेवायचा.

गावात बस्त्याव नावाचा मेकॅनिक होता. होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा. त्याला गिटार वाजवता यायची, पण स्वतःची नव्हती. तो एकदा म्हणाला, "इनासभाऊ, रविवारी चर्चमध्ये वाजवायला तुमची गिटार द्याल का? जपून वापरीन."

इनास फणकारला, "आधी आपले हात बघ! ही गिटार आहे, पाना नव्हे."

बस्त्याव मान खाली घालून निघून गेला. त्याने पुन्हा कधी मागितली नाही.

काही वर्षांनी फिलोमिना अंथरुणाला खिळली. डॉक्टरांनी आशा सोडली. एका दुपारी ती म्हणाली, "इनास, एकदा गायचंय रे. गिटार आण."

इनासने गिटार आणली. उरलेल्या बोटांनी तारा दाबून पाहिल्या. सूर काही निघेना. फिलोमिना गायला तोंड उघडायची आणि मिटायची. शेवटी हसून म्हणाली, "असू दे."

ते हसू इनासला सोसवेना. तो उठला आणि थेट बंदरावर गेला.

"बस्त्याव, त्या दिवशी मी नको ते बोललो," तो म्हणाला. "बायला गायचंय. माझी गिटार तू वाजवशील?"

बस्त्यावने साबणाने कोपरापर्यंत हात धुतले. मग पुन्हा धुतले. तरी तो तळवे उलटेसुलटे करून बघत राहिला.

"पुरे झाले रे," इनास म्हणाला. "चल."

बस्त्याव वाजवू लागला. सुरुवातीला इनासची नजर त्याच्या बोटांवरच होती. नख लाकडाला लागलं, की त्याचं काळीज हलायचं. मग फिलोमिना गाऊ लागली. आवाज बारीक होता, पण सूर पक्का. इनास बोटांकडे बघायचं विसरला.

गाणं संपलं तेव्हा त्याचे डोळे भरले होते.

"काय झालं रे?" फिलोमिनाने विचारलं.

"बाय, तीस वर्षं मी हिला छातीशी धरून वाजवली. समोर बसून कधी ऐकलीच नाही. ही इतकी गोड वाजते, मला ठाऊकच नव्हतं."

फिलोमिना त्यानंतर अकरा दिवस जगली. बस्त्याव रोज यायचा आणि ती जमेल तसं गायची. ती गेल्यावर इनासने गिटार बस्त्यावच्याच घरी पाठवून दिली. पुढे गिटारवर दोन ओरखडे उठले. एकदा समोर बसून ऐकताना इनासला ते दिसले, पण तो बस्त्यावला एवढंच म्हणाला, "ते दुसरं गाणं जरा सावकाश घे."

तात्पर्य: आवडती वस्तू नुसती जपून ठेवली तर तिचा गोडवा पेटीतच राहतो; विश्वासाने दुसऱ्याच्या हाती दिली, तर तो सगळ्यांना मिळतो आणि आपल्यालाही.