कुरतडलेली साखरजास्वंद

एका राज्यात फूल नव्हतं. राजा होता, राणी होती, सात वेशी होत्या, हत्ती होते, विहिरींना बारमाही पाणी होतं. फूल तेवढं नव्हतं. झाडाला कळी धरे, पण त्या राज्यात जन्मलेल्या माणसाची नजर पडली की ती गळून जाई. शीव ओलांडून परमुलखात गेलं तरी तेच. शाप नजरेला होता, तर मुलूख बदलून काय होणार?

हा शाप कपिलाक्ष जादूगाराचा. कोण्या जुन्या राजाने त्याच्या बागेतली एकुलती एक जास्वंद तोडून राणीच्या केसात माळली आणि वर म्हणाला की फूलच तर आहे. जादूगाराने शाप दिला आणि मरून गेला. मागे ठेवला एक बोलका शिंजीर. चिमणीहून लहान, गळा जांभळा, चोच बाकदार आणि जीभ धन्याहून तिखट. उतारा एकच होता. राजघराण्यात लग्न निघालं की हा पक्षी येणार. माणसाच्या हातचं फूल खरं समजून त्याने त्यात चोच घातली, तर त्या क्षणी शाप उतरणार.

म्हणून त्या राज्यात साखरेची फुलं करत. लग्नासाठी रवा, साय आणि खजूर घालून सात थरांचा केक भाजत, माणसाहून उंच. त्याला मनोरा म्हणत. मनोऱ्याच्या अंगावर हजार फुलं आणि शेंड्यावर एक जास्वंद. हजारांकडे शिंजीर ढुंकूनही बघत नसे. तो थेट शेंड्यावर जाई.

ही फुलं आदल्या दिवशी होत नाहीत. ज्यांना वाटतं होतात, त्यांनी करून बघावीत. साखर वस्त्रगाळ करायची, डिंकाच्या पाण्यात मळायची, ताणली तरी तुटणार नाही इतकी. आधी बांबूच्या काडीवर मधला तुरा करायचा. तो दोन दिवस सुकतो. मग कांद्याच्या पापुद्र्याइतक्या पातळ पाकळ्या लाटून, बाक यावा म्हणून मातीच्या वाट्यांत घालायच्या. त्यांना तीन दिवस. मग जोडणी, मग हळदीचा आणि बिटाचा रंग, मग पुन्हा सुकवणं. हजार फुलांना चार महिने लागतात. आणि झालेलं फूल वेताच्या उघड्या करंडीत ठेवायचं. झाकण लावायचं नाही. साखरफुलाला वारा हवा. कोंडलं की त्याला घाम फुटतो.

राजाची फुलकरीण होती भिवराक्का. वय पासष्ट, पाठ ताठ, तोंडात मोजके दात आणि तोंडावर फटकळपणा. तिला कोणी शिकवलं नव्हतं. फूल तर तिने पाहिलंच नव्हतं. देवळाच्या खांबांवर कोरलेली फुलं बोटांनी चाचपून ती शिकली होती, आणि तिच्यासारखी पाकळी साऱ्या राज्यात कोणाला जमत नव्हती.

दोन लग्नांत तिने शेंड्यावरची जास्वंद केली. शिंजीर फुलाची तीनदा परीक्षा घेई: आधी लांबून निरखे, मग पंखांनी वारा घाले, मग जवळ येऊन चोच घालायची की नाही ते ठरवी. पहिलं लग्न राजाच्या आत्याचं. त्याने लांबूनच पाहिलं आणि मागे फिरला. "बाई, तू पाथरवट व्हायचं होतंस," म्हणाला. दुसरं लग्न खुद्द राजा धवलकेतूचं. त्या वेळी त्याला लांबून पटलं, वारा घातला तेव्हा पाकळी हललीही. जवळ आला, मान वाकडी केली आणि म्हणाला, "इतकं नीटनेटकं? हे फूल आहे की कारकुनाचं अक्षर?"

ते बोलणं भिवराक्का बावीस वर्षं विसरली नाही. आता राजकन्या इंदुलेखेचं लग्न ठरलं होतं. मरण्याआधी तिची ही शेवटची संधी होती, आणि तिला मरण्याआधी एक खरं फूल बघायचं होतं.

नेमकी तेव्हाच सारजा आली.

सारजा नदीपलीकडची. लग्न होऊन कुंभारवाड्यात आली होती. तिचा जन्म या राज्यातला नव्हता, म्हणून तिने फुलं पाहिली होती. मनात येईल तेव्हा पाहिली होती, केसात माळली होती, पायदळीही तुडवली होती. पण या राज्याचं पाणी तीन महिने पोटात गेलं की बाहेरच्या माणसाच्या मनातूनही फूल पुसलं जाई. तिला हे सासूने पहिल्याच दिवशी सांगितलं. तेव्हा पोरीने गाठोडंही सोडलं नाही. साखर मागून घेतली आणि आठवण ताजी आहे तोवर एक जास्वंद करून ठेवली. राजकन्येच्या लग्नाला चार महिने होते. ती जास्वंद तिने करंडीत घालून दरबारात नेली.

राजाने करंडी फिरवून ती सगळ्या बाजूंनी बघितली. मग म्हणाला, "शेंड्यावर हीच. आक्का, तुम्ही खालची हजार करा."

खालची हजार. भिवराक्काने मान डोलावली आणि घरी येऊन जी साखर चाळायला घेतली, ती चाळण फाटेपर्यंत थांबली नाही.

सारजाची जास्वंद लग्नापर्यंत तिच्याच घरी राहणार होती. त्यानंतर भिवराक्का तीनदा कुंभारवाड्यात गेली. पहिल्यांदा गेली ती खोट काढायला. खोट समोरच होती: एक पाकळी दुमडलेली, दुसरीची कड कुरतडलेली. "पोरी, हे काय? पाकळी फाटली की उंदीर लागला?" तिने विचारलं. सारजा हसून म्हणाली, "किडीने खाल्लीय, आक्का. फुलांना लागतेच कीड." भिवराक्काने परतताना वाटेत भेटेल त्याला सांगितलं की नव्या सुनेने राजाच्या माथी किडका माल मारला. लोक ऐकून घेत आणि संध्याकाळी ते किडकं फूल बघायला रांग लावत.

महिन्याभराने ती दुसऱ्यांदा गेली ती शिरा मोजायला. एका पाकळीवर एकवीस, शेजारच्या पाकळीवर सतरा. सारख्या नाहीतच. तिच्या आयुष्यात तिने कधी दोन पाकळ्यांवर वेगवेगळ्या शिरा ओढल्या नव्हत्या. तशी पाकळी कोणी केली असती तर तिने फेकून दिली असती. त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही.

तिसऱ्यांदा गेली तेव्हा लग्नाला पंधरा दिवस होते. सारजा पाण्याला गेली होती. घरात कोणी नव्हतं. भिवराक्काने जास्वंद उचलली, पदराखाली घेतली आणि चालू लागली.

घरी आल्यावर कोणाला दिसू नये म्हणून तिने ती पितळेच्या डब्यात घातली आणि झाकण घट्ट दाबलं. मग तीन दिवस ती रोज दुपारी दार लावून घेई, झाकण जेमतेम फटीएवढं उघडे, डोळाभर बघे, जळे, आणि पुन्हा दाबून टाके. कड कशी वळलीय, दुमड कुठे सुरू होते, तुरा कुठल्या बाजूला कलला आहे, सारं तिने असं पाहून घेतलं की डोळे मिटले तरी समोर उभं राही. चौथ्या दिवशी झाकण उघडलं तेव्हा डब्याला आतून घाम आला होता, आणि तळाशी लाल पाक होता. त्यात एक बांबूची काडी.

झाकण लावू नका असं जिने शंभर पोरींना ओरडून ओरडून शिकवलं, तिनेच झाकण लावलं होतं.

त्याच दिवशी सारजा तिच्या दारात आली. चार दिवस तिने घर पालथं घातलं होतं. उंबऱ्यावर बसली. तिला कोणाचा संशय नव्हता. ती वडीलधाऱ्या बाईकडे मदत मागायला आली होती. म्हणाली, दुसरी करायला घेतली, पण हात चालत नाहीत.

"आक्का, पाकळ्या पाच होत्या की सहा? मला आठवत नाही."

भिवराक्काच्या मागे करंडीत तिची स्वतःची जास्वंद तयार होती. कोणाला न सांगता तिने ती दीड महिन्यापूर्वीच करून ठेवली होती. पाच पाकळ्या, पाचांवर वीस वीस शिरा. तोंड मिटून बसली असती, तर तीच शेंड्यावर चढली असती. पण मत्सराला स्वतःशी खोटं बोलता येत नाही. आपण ज्याच्यावर जळतो ते आपल्याहून चांगलं आहे, हे त्याला सगळ्यांच्या आधी कळलेलं असतं. शिंजीर त्या शहाण्या जास्वंदीत चोच घालणार नाही, हे ती पहिल्या फेरीपासून जाणून होती.

"पाच," ती म्हणाली. "उजवीकडची दुसरी दुमडलेली. तिसरीची कड खाल्लेली, तीन घास. तुरा डावीकडे कललेला."

सारजाने मान वर केली. "तुम्हाला इतकं कसं ठाऊक?"

भिवराक्का उठली. डबा आणून तिच्यापुढे ठेवला.

सारजा त्या लाल पाकाकडे बघत राहिली. चोरीचा शब्द तिने काढलाच नाही. म्हणाली, "आक्का, तुम्ही झाकण लावलंत?"

भिवराक्काला पासष्ट वर्षांत इतकं कोणी मारलं नव्हतं.

"लावलं," ती म्हणाली. "अकरा दिवस आहेत. दहा लागतील. मी करते."

"करा. साखर मी मळून देते. पण माफ केलं असं समजू नका."

"मी कुठे मागितली माफी?"

दोघी कामाला बसल्या. तुरा झाला; कलता सुकावा म्हणून भिवराक्काने काडी तिरकी रोवली. पाकळ्या लाटल्या. पण हात पंचेचाळीस वर्षांच्या वळणाचे. ते पाकळी वाकडी होऊच देईनात. दुमडायला गेली की बोटं आपोआप सरळ करून टाकत. तीन पाकळ्या तिने रागाने मोडल्या. शेवटी डोळे मिटून केल्या, आणि शिरा एकीवर एकवीस आल्या, दुसरीवर सतरा. राहिली होती कुरतडलेली कड. तिने सुरी लावून बघितली. सुरीचं काम सुरीसारखंच दिसलं. मग सारजाच्या देखत तिने पाकळी उचलली आणि तोंडात शिल्लक होते त्या दातांनी तिची कड तीनदा चावली.

"कीड बरी जमली," सारजा म्हणाली.

"तुला आता हसू येतंय," भिवराक्का म्हणाली, आणि चावलेल्या कडेवर आरारूट भुरभुरवून पाकळी सुकायला ठेवली.

लग्नाच्या दिवशी साऱ्या राज्याचे डोळे मनोऱ्याच्या शेंड्याकडे होते. वाजंत्री थांबली. शिंजीर खिडकीतून आला आणि समईवर बसला. "भिवरे, अजून आहेस का? मला वाटलं, एव्हाना तुझाही खांब झाला असेल," म्हणाला. कोणी हसलं नाही. त्याने लांबून निरखलं. मग पंखांनी वारा घातला. दुमडलेली पाकळी थरथरली. मग जवळ आला. मान वाकडी केली. कुरतडलेल्या कडेकडे बघितलं, खूप वेळ बघितलं, आणि काही न बोलता चोच आत घातली.

चोच बाहेर काढून त्याने काहीतरी टोमणा मारायला तोंड उघडलं. निघाली ती नुसती चिवचिव. पुन्हा बोलू गेला, पुन्हा चिवचिव. जादूगाराची वाचा गेली होती. साधं पाखरू होऊन तो खिडकीतून निघून गेला.

राजाने विचारलं, "हे कोणाच्या हातचं?"

सारजा काही बोलणार, तोच भिवराक्का पुढे झाली. "फूल सारजाचं. मी ते चोरलं, डब्यात कोंडून त्याचा पाक केला, आणि आठवून पुन्हा केलं. हात तेवढे माझे."

राजाने निवाडा केला: शाप उतरला म्हणून आक्काला दंड नाही, चोरी केली म्हणून फुलकरणीचा मान आजपासून सारजाचा, आणि आक्काने तिच्या हाताखाली काम करायचं. भिवराक्का हो म्हणाली. मान मात्र खाली घातली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सारजा तिला कुंभारवाड्यामागे घेऊन गेली. तिथे मडकी भाजायच्या आव्याच्या भिंतीला लागून जास्वंदीचं एक झाड होतं. वर्षानुवर्षं त्याला पानांखेरीज कोणी काही पाहिलं नव्हतं. आता ते लालभडक होतं. भिवराक्काने नजर टाकली. काही गळलं नाही. ती जवळ गेली. एक कललेली, एक दुमडलेली, एकीला कीड, एकीवर मुंग्या. दोन सारख्या नव्हत्या.

"ही सगळी एका सकाळीत झाली?" तिने विचारलं.

"हो, आक्का."

"आणि सुकवायला कोण बसलं होतं?"

"कोणी नाही. आपली आपण होतात."

भिवराक्काच्या डोळ्यांतून पाणी आलं. सारजाला वाटलं, म्हातारीचं मन भरून आलं. तसं ते आलंही होतं. पण छातीत जे पेटलं होतं ते वेगळं होतं. सारजाचं फूल पाहून ती कधी इतकी जळली नव्हती. दिवसभर ती तिथेच मांडी घालून बसली. संध्याकाळी दिवसभराचं आयुष्य संपून एकेक फूल मिटून गळायला लागलं, तशी उठली, लुगडं झटकलं, आणि सारजाला म्हणाली की उद्या उजाडताच साखर चाळायला घे. पुढचं राजलग्न अजून वीस वर्षं तरी निघणार नव्हतं.

असा शाप उतरला. बागा फुलल्या, देवांना हार मिळाले, राज्याची घडी बसली, आणि कुंभारवाड्यात मान सारजाचा राहिला. भिवराक्का मात्र जगली तोवर त्या झाडावर जळत राहिली, आणि तिच्या हातची फुलं दर वर्षी थोडी आणखी वेडीवाकडी होत गेली.